शिकारीच्या साहित्याच्या कपाटातील कुबट वास

प्रश्न : शिकारीचे जाकीट, गमबूट, चामड्याचे पट्टे, दुर्बीण आणि बंदूक मी घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात ठेवतो. काही महिन्यांपासून दार उघडताच कुबट वास येतो. सुगंधी वड्या ठेवल्या, वाटीत खाण्याचा सोडा ठेवला. चार दिवस बरे वाटते आणि वास पुन्हा येतो. काय करावे?

उत्तर : कुबट वास हा बहुतेक वेळा बुरशीचा असतो आणि बुरशीला ओल लागते. सोडा थोडाफार वास कमी करतो, पण ओल काढत नाही. म्हणूनच आपला उपाय चार दिवसांपुरता ठरला. सुगंधी वड्या आणि डांबराच्या गोळ्या मात्र आजच काढून टाकाव्यात, कारण त्यांचा वास कपड्यांत मुरतो आणि तीक्ष्ण घ्राणेंद्रियाच्या प्राण्याला तो दुरूनच सावध करतो.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे आधी ठरवावे. कपाट रिकामे करून, त्यामागच्या भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा व दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले, तर ओल भिंतीतून झिरपते आहे आणि ती दुरुस्त केल्याखेरीज पुढचे सारे श्रम वाया जातील. खोलीकडच्या बाजूला दव साचले असेल, तर हवेतली बाष्प गार भिंतीवर जमते आहे. तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे आणि दाराला जाळी बसवावी. आत बंदूक राहणार असेल, तर जाळी भक्कम व दाराला कुलूप हवेच.

साहित्य बाहेर काढताना सर्वप्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी आणि काडतुसे वेगळ्या, कोरड्या, कुलूपबंद जागी हलवावीत. त्यानंतर तोंडाला मास्क लावून कपाटाच्या आतल्या फळ्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसाव्यात, तासभर तशाच ठेवून ओल्या फडक्याने पुन्हा पुसाव्यात आणि दार उघडे ठेवून पूर्ण वाळू द्याव्यात. व्हिनेगरसोबत ब्लीच कधीही वापरू नये, कारण त्या दोहोंतून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

वास पुष्कळदा कपाटापेक्षा साहित्यातच अधिक मुरलेला असतो. जाकीट त्याच्या पट्टीवरील सूचनेप्रमाणे बिनवासाच्या साबणाने धुवावे. मेण लावलेले कापडी जाकीट मात्र यंत्रात न टाकता गार पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावे. चामडे वाऱ्यावर, सावलीत वाळवावे, कारण कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ते कडक होऊन तडकते. गमबुटांतील अस्तराचे तळवे काढून वेगळे वाळवावेत आणि आत कागदाचे बोळे भरून ते ओले होतील तसे बदलावेत.

सारे सुकल्यानंतरच सिलिका जेलच्या पुड्या आणि सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी : पहिली ओल घेते, दुसरा उरलेला वास. छोटा आर्द्रतामापक आत लावल्यास अंदाजावर राहावे लागत नाही. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास असावा. ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, तर बुरशी परतेल.

बंदूक कापडी किंवा चामडी म्यानात कायमची ठेवू नये, कारण अस्तर ओल धरते आणि पोलादाला गंज चढतो. तेलाचा पातळ हात फिरवून ती उघडीच, कुलूपबंद ठेवावी. दुर्बिणीची भिंगे उजेडासमोर धरून तपासावीत. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशीच आहे, आणि ती काचेवरचा लेप खाऊन कायमचा डाग पाडण्याआधी दुर्बीण जाणकार दुरुस्तीकाराकडे न्यावी.