पाणी कोणाचं तोडायचं?

प्रश्न : सर, मी एस. वाय. बी. ए. भूगोलाची विद्यार्थिनी, गाव साक्री तालुक्यात. पुढच्या आठवड्यात पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीवर, म्हणजे गावाने मिळून बंधाऱ्याचं पाणी वाटून घेण्याच्या रीतीवर, वर्गात दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन आहे. मागच्या वेळी 22 स्लाईड केल्या होत्या. सातवीवर वीज गेली, आणि घाईत तोंडून ‘पाणी येते’ऐवजी घरच्या अहिराणीतलं ‘पाणी येस’ निघालं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. आता उभं राहायचं म्हटलं तरी घसा कोरडा पडतो. काय करू?

उत्तर : पोरी, दहा मिनिटांना 22 स्लाईड? वीज गेली ते बरंच झालं म्हणायचं.

या खेपेला एकच स्लाईड ठेव, बंधाऱ्याच्या फोटोची. फोटो तूच काढ. बाकी सगळं फळ्यावर : नदीची रेघ, तिला आडवा बंधारा, काठाने कालवा, कालव्याखाली चार चौकोन म्हणजे चार फड, शेतजमिनीचे चार भाग. अर्ध्या मिनिटाचं काम. काढताना मात्र तोंड बंद. बी. एड.च्या माझ्या पहिल्या पाठाला मी नकाशा काढत अख्खा तास फळ्याशीच बोललो होतो. मागे बसलेले परीक्षक शेवटी म्हणाले, “फळ्याला समजलं. आता पोरांना सांगा.” तेव्हापासून खडू खाली ठेवतो, वळतो, मगच बोलतो.

‘फड पद्धती ही एक पारंपरिक...’ अशी सुरुवात केलीस की वर्ग हातचा गेला. चित्राकडे बोट दाखवून विचार, “यंदा नदीला पाणी निम्मंच आहे. कोणाचं तोडायचं?” आणि गप्प राहा. ते तीन-चार सेकंद फार लांब वाटतील, वाटू देत. कोणीतरी म्हणेलच, “शेवटच्या टोकावाल्याचं.” तेवढ्यात एक चौकोन हाताने पुसून टाक. पाणी कमी असलं की अख्खा एक फड कोरडा ठेवतात. बहुतेकांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत असल्याने झळ सगळ्यांनाच थोडी थोडी बसते. एका फडात हंगामाला सगळ्यांचं एकच पीक, त्यामुळे पाटकऱ्याला, म्हणजे पाणी वाटणाऱ्या माणसाला, पाण्याची पाळी लावणं सोपं जातं. ही पद्धत शेकडो वर्षं चालत आली, एवढं एक वाक्य इतिहासाला पुरे.

अहिराणीची लाज कसली? गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला गाठ, पाण्याच्या पाळीबद्दल तो काय बोलतो ते वहीत जसंच्या तसं उतरव. “आता त्यांच्याच शब्दांत ऐका,” असं आधी सांगून वाच. बघ, कोण हसतं ते.

तालीम आरशासमोर नको. आई भाकरी थापत असेल तेव्हा शेजारी उभी राहून सांग. ती मधेच विचारेल, “आणि त्या कोरड्या फडात ऊस उभा असला तर?” तुझ्या सरांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. रविवारी पाटकऱ्याकडे जाऊन ये.