अमेरिकन यादवी युद्धाच्या व्यंगचित्रात सेनापती जहाजाच्या दांडीवर का बसलाय?

तो उत्तरेकडच्या (संघराज्याच्या) सैन्याचा जनरल जॉर्ज मॅक्लेलन आहे, आणि टोमणा असा की सैन्य जमिनीवर लढत असताना हा नदीतल्या जहाजावर सुरक्षित बसला होता. 1 जुलै 1862 रोजी व्हर्जिनियात मॅल्व्हर्न हिलची लढाई झाली. त्या दिवशी मॅक्लेलन काही काळ जेम्स नदीतल्या ‘गॅलिना’ या चिलखती युद्धनौकेवर होता. चित्रकाराने शिडाच्या आडव्या दांडीवर घोड्याचं खोगीर टाकून त्याला त्यावर बसवलंय, डोळ्याला दुर्बीण, आणि तिथूनच तो शिपायांना ‘लढत राहा’ म्हणतोय. खोगीर नीट बघा, सगळा घाव तिथेच आहे: घोडदळाच्या ऐटीतला सेनापती, पण खाली घोडाच नाही.

मात्र हे चित्र लढाईचा पुरावा म्हणून वापरू नका. ते 1864 चं आहे. तेव्हा मॅक्लेलन डेमोक्रॅटिक पक्षातर्फे लिंकनविरुद्ध अध्यक्षपदाला उभा होता, म्हणजे हा सरळसरळ निवडणूक प्रचार. प्रत्यक्षात तो सकाळी सैन्याच्या आघाडीची पाहणी करून नौकेवर गेला होता, दुपारी परतलाही. आणि मॅल्व्हर्न हिलला त्याच्याच सैन्याने दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचे हल्ले परतवून लावले. तरी ऐन लढाईच्या दिवशी नौकेवर जाणं ही चूकच होती.