पॅडी की पॅटी?

प्रश्न असा आलाय की डब्लिनच्या ऑफिसात कुणीतरी १७ मार्चच्या, म्हणजे आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिकच्या सणाच्या केकवर 'हॅपी सेंट पॅटीज डे' लिहून आणलं तर आयरिश मंडळींची तोंडं का वाकडी झाली, आणि पॅटी चूक असेल तर पॅडी कसं चालतं, ती तर आयरिश माणसाला हिणवायची शिवी ना?

पहिलं उत्तर सोपं आहे. पॅट्रिकचं आयरिश रूप साधारण 'पॉड्रिग' असं, त्यात ट नाहीच, ड आहे, म्हणून लाडाचं नाव पॅडी. पॅटी हे पॅट्रिशियाचं लाडाचं नाव, म्हणजे केकवर संत राहिला बाजूला आणि एखादी मावशी आली, नाहीतर बर्गरमधली टिक्की! ही सवय मुख्यतः अमेरिकेतली, तिथे बोलताना असा मधला ट आणि ड जवळपास सारखाच ऐकू येतो, त्यामुळे लिहिणाऱ्याने पॅट्रिकमधला ट आठवून पॅटी केलं असणार असं मला वाटतं.

आता शिवीचं. आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो, घरात लाडाने हाक मारतात, पण तेच रस्त्यावरच्या हवालदाराला पांडू म्हणून बघा. पॅडीचं अगदी तसंच. संताच्या सणाला, मित्राला, पबच्या पाटीवर पॅडी चालतं, पण इंग्लंडमध्ये कुठल्याही आयरिश मजुराला 'ए पॅडी' म्हणायचे त्यात तो दारुडा, भांडखोर, बिनडोक हे सगळं गृहीत असायचं. कैद्यांच्या गाडीला इंग्रजीत पॅडी वॅगन म्हणतात तेही यातलंच, फक्त तो पॅडी गाडीच्या आत बसलेला की गाडी चालवणारा पोलीस यावर वाद आहे.

आणि दारुड्याची गंमत बघा, जगभर ज्या दिवशी हिरवी बिअर ढोसतात त्या दिवशी खुद्द आयर्लंडात १९२७ च्या कायद्याने पब बंद असायचे, ते १९६० च्या आसपासपर्यंत! डब्लिनमध्ये त्या दिवशी कायदेशीर पेला मिळायची एक प्रसिद्ध जागा म्हणजे रॉयल डब्लिन सोसायटीचं कुत्र्यांचं प्रदर्शन, त्यामुळे ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नाही तेही तिथे हजर असायचे. हिरवी बिअर, शिकागोची हिरवी केलेली नदी (ही प्रथा १९६२ पासून), कोबीबरोबर कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस), हे सगळं अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं, आयर्लंडात कोबीबरोबर बेकन उकडतात. आयरिश लोककथांतला तो हिरव्या टोपीचा बुटका, लेप्रेकॉन, पण जुन्या वर्णनांत लाल कोटात भेटतो आणि धंद्याने चांभार असतो. 'टॉप ऑफ द मॉर्निंग' हे सकाळचं अभिवादन आयरिश माणसाला ऐकवू नका प्लीज, तिथे कुणी असं बोलत नाही. आणि कार्डावर चार पानांचं क्लोव्हर नको, आयर्लंडचं चिन्ह असलेल्या शॅमरॉक या रोपाला तीनच पानं असतात, पॅट्रिकने त्यावरून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तिघांत एकच देव) समजावलं अशी आख्यायिका आहे.

आयरिश म्हणजे लाल केसांचा पॅडी हा साचा तर आपल्याच माणसाने मोडलाय. २०१८ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान म्हणून या सणाच्या प्रथेप्रमाणे शॅमरॉकचा बाउल घेऊन व्हाइट हाउसात गेले ते लिओ वराडकर, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.

तर केकवर 'सेंट पॅट्रिक्स डे' किंवा 'पॅडीज डे' बिनधास्त लिहा, नुसतं 'पॅडीज'ही चालेल, फक्त समोरच्याचं नाव शॉन असेल तर त्याला शॉनच म्हणा. आणि अजून खूश करायचं असेल तर आयरिशमध्ये 'लॉ एल्या पॉड्रिग' म्हणा, लिहिताना त्यात एक 'एफ' दिसेल पण तो उच्चारायचा नाही.