‘बिस्किट क्रस्ट’मधलं बिस्किट कोणतं?

प्रश्न असा आला आहे: एका अमेरिकी पाककृतीचं मराठी करताना ‘स्किलेट चिकन पॉट पाय विथ बिस्किट क्रस्ट’ या नावापाशी गाडी अडली. (पॉट पाय म्हणजे दाट रश्श्यातल्या सारणावर पिठाचं आवरण, म्हणजे क्रस्ट, घालून ओव्हनमध्ये केलेला पदार्थ.) स्किलेट म्हणजे तवा की कढई? क्रस्टला ‘कवच’ म्हणावं का? आणि बिस्किटं चुरून पसरायची की अख्खी मांडायची?

पहिल्या दोन प्रश्नांवर तासभर वाद घालता येईल. तिसरा वाचून मात्र मी दचकलो. चहात बुडवायची बिस्किटं उकळत्या रश्श्यावर मांडली, तर अर्ध्या तासाने त्यांची लापशी झालेली असेल. स्किलेट हा शब्द अनोळखी असल्यामुळे तुम्ही तो शोधायला निघालात, हे बरंच झालं. बिस्किट ओळखीचं वाटतं, म्हणून त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. तेव्हा उत्तर उलट्या क्रमाने देतो.

अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, ‘बिस्किट’ म्हणजे ताजा, गरम, मऊ, फुगलेला छोटा पाव. यीस्ट नाही, आंबवणं नाही. मैद्यात बेकिंग पावडर आणि मीठ मिसळायचं, थंडगार लोण्याचे तुकडे बोटांनी पिठात चोळायचे, ताक घालून पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच हलवायचं आणि जाडसर थापून गोल कापायचं. यातल्या लोण्याला ‘मोहन’ म्हणायचा मोह होईल, तो आवरा. मोहन म्हटलं की कडकडीत तापवलेलं तेल-तूप डोळ्यांपुढे येतं. इथे लोणी वितळलं तर सगळं बिघडलं. ओव्हनच्या उष्णतेत लोण्याचे थंड तुकडे वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पिठाचे थर वर उचलते आणि त्यातून बिस्किटाला पापुद्रे सुटतात.

गोड, चपटं, कुरकुरीत असं जे आपण बिस्किट म्हणून ओळखतो, त्याला तिथे ‘कुकी’ म्हणतात. हा शब्द डच ‘कूक्ये’वरून आला, म्हणजे छोटा केक. 1796 साली हार्टफर्डला छापलेलं ‘अमेरिकन कुकरी’ हे अमेरिकी लेखिकेचं पहिलं पाकपुस्तक मानलं जातं, आणि त्यातही कुकी भेटते. गोड पदार्थाला असा वेगळा शब्द मिळाल्यावर ‘बिस्किट’ मोकळं राहिलं आणि मऊ पावाला जाऊन चिकटलं. इंग्लंडमध्ये मात्र ते कडकच राहिलं, आणि आपल्याकडे इंग्रजांचंच बिस्किट आलं.

गंमत पुढेच आहे. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कॉक्टस’ म्हणजे शिजवलेलं. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या बिस्किटाचा मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेलं’. इटालियन ‘बिस्कॉत्तो’ त्याचंच भावंड, आणि जर्मन ‘त्स्वीबाक’ही शब्दशः ‘दोनदा भाजलेलं’च. पाव एकदा भाजायचा, मग पुन्हा भट्टीत घालून पार वाळवायचा, म्हणजे महिनोन्‌महिने टिकतो आणि जहाजावर नेता येतो. अमेरिकी बिस्किट एकदाच भाजलं जातं आणि त्याच दिवशी खाल्लं जातं. (कुंभारकामातही इंग्रजीत ‘बिस्किट’ म्हणजे झिलई चढवण्याआधी एकदाच भाजलेलं भांडं. ‘दोनदा’ला तिथेही कुणी जुमानलेलं नाही.)

आता तुमच्या पाककृतीकडे बघा. कच्च्या पिठाच्या गोल चकत्या गरम रश्श्यावर ठेवून भांडं ओव्हनमध्ये जातं. चकत्यांचा वरचा भाग कोरड्या उष्णतेने भाजला जाऊन खरपूस होतो. खालचा भाग रश्श्यात टेकलेला असतो, तो भाजला न जाता वाफेवर शिजतो आणि थोडा रस्सा पितो. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ ‘दोनदा भाजलेलं’, तो इथे धड एकदाही पूर्ण न भाजलेल्या पदार्थाला लागला आहे! म्हणूनच अशा कृतीत सारण उकळतं असतानाच वर पीठ ठेवायला सांगतात. सारण गार असेल तर वरून तांबूस झालं तरी खालून बिस्किट कच्चट राहतं. ओव्हनही चांगला तापलेला लागतो. साधारण 425 अंश फॅरनहाइट हा आकडा अशा कृतींत नेहमी दिसतो, तो 220 अंश सेल्सियसच्या जवळपास येतो. भाषांतरात आकडा तसाच ठेवून नुसतं ‘अंश’ लिहिलंत तर वाचकाची फजिती ठरलेली.

याच ओघात आणखी एक सापळा. साहित्याच्या यादीत ‘एक कॅन बिस्किटं’ किंवा ‘बिस्किट मिक्स’ लिहिलेलं आढळेल. कॅनमध्ये भाजलेलं काहीच नसतं. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात भरलेलं, कापून तयार ठेवलेलं, फ्रिजमध्ये ठेवायचं कच्चं पीठ असतं ते. मिक्स म्हणजे मैदा, बेकिंग पावडर आणि स्निग्धांश आधीच मिसळलेलं कोरडं पीठ. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव ‘बिस्क्विक’. जनरल मिल्स कंपनीने ते 1931 मध्ये बाजारात आणलं. बिस्किट आणि क्विक यांचा हा बेमालूम सांधा मला फार आवडतो. या दोन्ही ठिकाणी मराठीत ‘बिस्किटाचं कच्चं पीठ’ आणि ‘बिस्किटाचं तयार कोरडं पीठ’ असं फोड करूनच लिहावं.

क्रस्टला ‘कवच’ मला पटत नाही. कवच टणक असतं, चहूबाजूंनी असतं आणि आतल्याचं रक्षण करतं. इथे पीठ फक्त वर आहे, बाजूंना नाही, तळाला नाही. ‘पापुद्रा’ फार पातळ. ‘खरपुडी’ कानाला गोड लागते, पण ती भांड्याच्या बुडाला धरते. तिला वर चढवणं म्हणजे पदार्थ उपडा करणं. पायच्या लाटलेल्या क्रस्टला मी ‘झाकण’ म्हणालो असतो, कारण ती पारी काठाला चिकटवतात आणि वाफ जायला तिला चिरा द्याव्या लागतात. बिस्किटांच्या चकत्यांमध्ये फटी राहतात, त्यांतून रस्सा बुडबुडत कडेने वर येतो. झाकण म्हणून ते अगदीच गळकं. मग उरतो ‘थर’. साधा, नीरस, पण बरोबर.

याच रचनेचा फळांचा प्रकार ‘कॉब्लर’ म्हणून ओळखला जातो. पीच कॉब्लर हे त्यातलं गाजलेलं नाव. वरच्या पिठाचे गोळे गोट्यांच्या फरसबंदीसारखे, म्हणजे कॉबलस्टोनसारखे दिसतात म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. इंग्रजीत ‘कॉब्लर’चा दुसरा अर्थ जोडे दुरुस्त करणारा, म्हणून यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी या शब्दावर विशेष नजर ठेवावी.

राहिलं स्किलेट. अमेरिकेत आज हा शब्द फ्राइंग पॅनला वापरतात: सपाट बूड, बाहेर झुकलेल्या बुटक्या कडा, एक लांब दांडा. पूर्वी चुलीतल्या निखाऱ्यांवर उभं राहणारं, पाय असलेलं, लांब दांड्याचं पातेलं म्हणजे स्किलेट. पुढे सपाट शेगड्या आल्या, पाय गेले, नाव राहिलं. तवा म्हणावं तर रस्सा धरण्याइतकी कड त्याला नसते. कढई खोल, पण बूड गोल आणि दांड्याच्या जागी दोन कान. अशा पाककृतींत बहुतेकदा अपेक्षित असतं ते कास्ट आयर्नचं भांडं. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गमध्ये 1896 पासून ओतकाम करणाऱ्या ‘लॉज’ कंपनीची काळी स्किलेट तिथे घराघरांत ओळखीची आहे. कास्ट आयर्नला मराठीत ‘बीड’ हा नेमका शब्द असताना ‘ओतीव लोखंड’ लिहायची काही गरज नाही. माझी पसंती ‘बिडाचा पॅन’ला. नुसतं ‘फ्रायपॅन’ लिहिलंत तर वाचक प्लॅस्टिकच्या मुठीचा नॉनस्टिक पॅन 220 अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवेल, आणि त्या धुराचं पाप भाषांतरकाराच्या माथी.

भांड्याच्या नावाचा पदार्थ होणं यात नवल नाही. कॅसरोल आधी भांडं, मग त्यात शिजलेलं अन्न. पाएया या स्पॅनिश भाताचंही तेच, मुळात तो शब्द पॅनचा. म्हणून ‘स्किलेट डिनर’ असं आलं की ते भांड्याचं वर्णन नसून ‘एकाच पॅनमध्ये होणारं जेवण’ असा त्याचा अर्थ घ्यावा. शेगडीवर परतणं, रस्सा दाट करणं आणि मग तोच पॅन ओव्हनमध्ये ढकलणं, हे सगळं त्या एका शब्दात गृहीत असतं.

‘बेक’साठी ‘भाजणे’ चालेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो: एकट्याने नाही. भाजणे म्हटलं की तवा, निखारा, भट्टी यांपैकी काहीही मनात येऊ शकतं. एकदा ‘ओव्हनमध्ये’ असं लिहा, मग पुढे खुशाल ‘भाजा’ म्हणा.

तर नाव मी असं करीन: ‘बिडाच्या पॅनमधला चिकन पॉट पाय, वर मऊ बिस्किटांचा थर’. लांब आहे, मान्य. पण त्यातलं ‘मऊ’ काढू नका, जागा कमी पडली तर ‘बिडाच्या’ कृतीत ढकला. आणि शेवटच्या पायरीत मूळ लेखिकेने लिहिलं नसलं तरी एक वाक्य घालाच: पॅनचा दांडाही ओव्हनइतकाच तापलेला असतो, तो जाड कापडाने धरावा.