मोटरहोममध्ये (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत) कायमचं राहायचं ठरवलंय, पण आता वाळवंटातही आतवर जायचंय. योजना बदलून मोठं ४×४ मोटरहोम घ्यावं का?

माझ्या मते घेऊ नये. "४×४ असलं की वाळूत चिंता नाही" असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं आणि लोक त्यावर विसंबून आयुष्यभराचं घर ठरवतात. या एका वाक्याचा मला मनापासून राग आहे.

४×४ मुळे ताकद चारही चाकांना मिळते, गाडीचं वजन एक किलोनेही घटत नाही. उलट पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियल या जादा भागांमुळे वाढतंच. वाळूत गाडी रुतते ती वजनामुळे आणि टायरमधल्या जादा हवेमुळे. म्हणून कुठलीही गाडी पसंत करण्याआधी ती सामान, गॅस, डिझेल, पाणी आणि माणसांसकट वजनकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा एक्सल (चाकांचा आस) यांवरचा भार वेगवेगळा मोजा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, हे टाकी बसवताना कुणाच्या डोक्यात नसतं. मागे टांगलेल्या सायकली आणि अवजारांची पेटी एक्सलच्याही मागे असते, त्यामुळे मागच्या एक्सलवर त्यांच्या वजनापेक्षा जास्त भार येतो आणि पुढची चाकं हलकी होतात. मग सुकाणू वाळूत नीट ऐकत नाही.

आता हवा. रस्त्यावर टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठेवणारी हलकी जीप वाळूत १६ ते १८ वर आणतात. ६५ वर चालणाऱ्या जड व्हॅनला साधारण ३५ पासून सुरुवात करावी. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. त्या हवेवर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा आणि झटक्यात वळू नका, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्ता लागला की पुन्हा पूर्ण हवा भरायचीच. कमी हवेवर वेगात गेलात तर टायरची बाजू सतत दुमडून तापते आणि फुटते. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्या आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा. मोठा कॉम्प्रेसर ३० अँपिअरच्या आसपास खेचतो, सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तेवढ्याने उडतो. मागे जोडचाकं (प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर) असलेली गाडी तर वाळूसाठी घेऊच नका. पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत ती बसत नाहीत, स्वतःची वेगळी वाट दाबत जातात, आणि दोन टायरांमध्ये अडकलेला दगड बाजू कापतो.

गाडीची गती मरतेय असं वाटताक्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. आणखी एकदा रेटलंत की चाकं खाली जातात आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) वाळूवर टेकते. आधी आपल्याच चाकोरीतून सरळ मागे येऊन बघा. नाही जमलं तर चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी ४-५ पीएसआय सोडा, चाकांखाली रिकव्हरी ट्रॅक (पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या) सरकवा आणि लो रेंजमध्ये (४×४ च्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) हलकेच निघा. दुसरी गाडी ओढायला आली तर दोर टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका. तो गोळा तुटून उडतो आणि त्याने माणसं मेली आहेत. चॅसीला लावलेले, क्षमता लिहिलेले रिकव्हरी पॉइंटच (ओढण्यासाठीचे हूक) वापरा.

योजना बदलायचीच असेल तर दोन गोष्टी वेगळ्या करा: राहायचं घर टणक जमिनीवर उभं ठेवा आणि आत जायला छोटी ४×४ घ्या. एकाच गाडीत सगळं हवं असेल तर साडेतीन टनांच्या आतली व्हॅन बघा आणि एसीचा हट्ट सोडा. १ किलोवॉटचा एसी इन्व्हर्टरवर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी दोन-सव्वादोन तासांत रिकामी. मोठी बॅटरी किंवा जनरेटर घेतलात की पुन्हा वजन. त्यापेक्षा वाळवंट थंडीत करा. मात्र रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी राहत्या भागात ठेवा, शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करता येत नाही.

पिण्याचं पाणी माणशी रोज निदान ५ लिटर धरा, आणि तेही दोन वेगळ्या भांड्यांत, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं उरेल. मऊ वाळूत डिझेल दीडपट ते दुप्पट जळतं. म्हणून टाकीचा एक तृतीयांश संपला की परत फिरायचं, पुढचा टप्पा कितीही जवळ दिसत असला तरी.

हे सगळं सुट्या वाळूबद्दल. खडीच्या सपाट माळावर चांगल्या टायरांची, दोनच चाकांना ताकद मिळणारी साधी गाडीही पुष्कळ आत जाते. वरचे पीएसआयचे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या टायर कंपनीचा भार आणि दाबाचा तक्ता अंतिम धरा. आणि मिठाच्या कोरड्या पापुद्र्यावर, आधीच्या गाड्यांच्या ताज्या खुणा नसतील तर, कुठलीच गाडी घालू नका. पापुद्र्याखाली चिखल असतो आणि तिथे हवा कमी करून काही उपयोग होत नाही.