मरणाचं नको, कामाचं सांग

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

आधुनिक अमेरिकन चित्रकारांवरचं तुझं भाषण वाचलं. भाषा ओघवती आहे, पण अर्धीअधिक पानं जॅक्सन पोलॉकची दारू आणि १९५६चा मोटार अपघात यांतच खर्ची पडली. गौरव करायचा तो कामाचा की मरणाचा, हे आधी ठरव.

त्याच घरात ली क्रॅस्नर राहत होती. तिची ओळख तू 'पोलॉकची बायको' एवढीच करून दिलीस. लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज गावात त्यांचं घर होतं. आवारातलं गोदाम हा त्याचा स्टुडिओ. कॅनव्हास जमिनीवर अंथरून भोवती फिरायचं तर तेवढी जागा हवीच. ती माडीवरच्या झोपायच्या खोलीत काम करी. 'लिटल इमेजेस' मालिकेतली बरीच चित्रं तिथली: लहान, बारीक खुणांनी खच्चून भरलेली. तो गेल्यावर ती गोदामात आली आणि १९५७मध्ये तिने 'द सीझन्स' रंगवलं, रुंदी जवळजवळ १७ फूट! अर्थात, जागा मिळाली म्हणून चित्र आपोआप मोठं झालं असं लिहू नकोस. चित्रकलेचे शिक्षक हान्स हॉफमन यांच्याकडे शिकून तिची तयारी कधीचीच झाली होती. पण चित्रांची मापं बघायची सवय लाव. पुष्कळ चरित्र त्यांतच सापडतं.

जेकब लॉरेन्सला तू एका ओळीत उरकलंस, ते मात्र मला खटकलं. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या शहरांकडे निघाली, त्यांची कहाणी त्याने १९४०-४१मध्ये ६० चित्रांत सांगितली. वय अवघं २३. त्याचे आईवडीलही त्याच लोंढ्यातून आलेले. तरी ऐकीव गोष्टींवर न विसंबता न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीच्या ग्रंथालयात बसून त्याने टिपणं काढली. प्रत्येक चित्राखाली ओळ लिहिली. चित्रं ज्यांवर काढायची त्या फळ्यांना अस्तर देण्यात आणि त्या ओळींवर हात फिरवण्यात ग्वेंडोलिन नाइटची मदत होती. तिचं नाव गाळू नकोस, तीही चित्रकार होती.

आता रंगवण्याची रीत बघ. प्रत्येक फळी १८ बाय १२ इंचांची, रंग टेम्पेरा, म्हणजे पाण्यात कालवायचा, चटकन वाळणारा. एकेक चित्र पुरं करून तो पुढे गेला नाही. सगळ्या फळ्या एकत्र मांडून एक रंग घ्यायचा, जिथे जिथे तो हवा तिथे सगळीकडे लावायचा, मग दुसरा. गडदाकडून फिक्याकडे. त्यामुळे साठही चित्रांत रंग तोच राहिला. पहिल्याच चित्रात स्टेशनावरची गर्दी तीन दारांकडे रेटते आहे. दारांवर शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुइस. चेहरे जवळजवळ नाहीतच, पण टोप्या आणि वाकलेल्या पाठी बघ.

चित्रकार आल्मा थॉमसविषयी थोडक्यात. वॉशिंग्टनच्या शाळेत ३५ वर्षं शिकवून ती १९६०मध्ये निवृत्त झाली आणि १९७२मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात तिचं एकल प्रदर्शन भरलं. म्हणून 'निवृत्तीनंतर जोपासलेला छंद' वगैरे लिहू नकोस. नोकरीत असतानाही ती चित्रं काढत होती, शिकत होती.

लॉरेन्सची मालिका दोन संग्रहालयांनी वाटून घेतली आहे: विषम क्रमांक वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये, सम क्रमांक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. दोन्हींकडची चित्रं मिळव आणि एकपासून साठपर्यंत क्रमाने लावूनच बघ. पोलॉकची पानं त्यानंतर कापायला घे.