मानेतल्या गाठी : शेवटची पायरी?

प्रश्न : वहिनीचं (वय ४२) थायरॉईडचं ऑपरेशन झालं. पॅपिलरी कॅन्सर, मानेतल्या ११ पैकी ३ लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरलेला. आता आशा सोडायची का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : मुळीच नाही. पंचावन्नच्या आतल्या रुग्णाचा हा आजार ग्रंथींत गेला तरी, फुप्फुस-हाडांत नसेल तर पहिल्याच टप्प्यात धरतात. वाढतो तो मानेत पुन्हा गाठ येण्याचा धोका. तोही नुसत्या आकड्यावर ठरत नाही. रिपोर्टात ग्रंथींतल्या कॅन्सरचा आकार बघा : सगळे ठिपके २ मिलिमीटरच्या आत असतील तर धोका सुमारे ५ टक्के, ३ सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल तर ३० च्या आसपास. ग्रंथीचं आवरण फुटलंय का, तेही विचारा.

रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉईड पेशी मारायला देतात ते किरणोत्सारी आयोडीन) ठरलं तर आधी एक-दोन आठवडे सुरमई, सुकट, जवळा, आयोडीनचं मीठ बंद. (कोकणात हेच जड जातं!)